सीमाभागातील निराळ्या शाळा आणि निराळी मुले

बीदर शहरात जाणारा प्रवासी प्रथम किल्ला पाहतो आणि नंतर महमूद गवानाचा मदरसा. बहमनी राज्याच्या ह्या थोर वजिराने 1472 साली उभारलेली ही वास्तू आज पुष्कळशी ढासळलेली आहे. 1696 मध्ये स्फोट होऊन तिचा बराच भाग कोसळला; उरलेला एक मिनार रंगीत फरश्यांच्या खुणा अंगावर मिरवीत अजून उभा आहे. दूरदेशीचे पंडित येथे शिकवावयास येत, हे सांगताना वाटाड्याचा स्वर सहजच उंचावतो. तथापि, श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते ज्यांना अशा मोठ्या दरवाज्यातून विद्येच्या घरात कधी जाता आले नाही त्या मुलांविषयी. आणि त्यांच्यासाठी बीदर व गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, ह्या दोन जिल्ह्यांत जी लहान लहान निराळी दारे वेळोवेळी उघडली गेली, त्यांच्याविषयी.

शिक्षणाच्या इतिहासात ह्या विषयाचे नेहमी दोन कप्पे करण्यात येतात. सरकारी चौकटीबाहेरची शाळा एका कप्प्यात, आणि अंध, बहिरे, चालता न येणारे वा बुद्धीची वाढ मंद असलेले मूल दुसऱ्या कप्प्यात. पहिला कप्पा राजकारणाच्या इतिहासकाराने उघडावयाचा आणि दुसरा दयाधर्माच्या अहवालकाराने, अशी जणू वाटणी झालेली आहे. ह्या सीमाभागात मात्र ही वाटणी टिकत नाही. येथे दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे शाळा ज्या भाषेत बोलते ती मुलाला कळते की नाही.

निजामाच्या राज्यात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे तीन भाषांचे प्रांत नांदत होते, परंतु राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग त्या काळी धाडसाचा होता, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ज्याच्या घरी ती भाषा नव्हती त्या खेड्यातील मुलाला वरच्या वर्गाची पायरी त्यामुळे अधिकच उंच झाली. शिवाय सरकारी शाळा आधीच थोड्या. आणि पुढे खाजगी शाळा सरकारच्या परवानगीवाचून काढता येऊ नये असा निर्बंध आला. शाळा हे राजकारणाचे बीज आहे अशी दरबाराची समजूत होती, आणि ती अगदीच चुकीची होती असेही म्हणवत नाही.

ह्या कोंडीतून ज्या शाळा निघाल्या त्यांचे मोल आज नीट जोखले पाहिजे. गुलबर्ग्यास 1907 मध्ये नूतन विद्यालय सुरू झाले. 1921 साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे ह्या आडगावी राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे सरकारी मान्यता नाही, सरकारी अनुदान नाही, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला सरकारी नोकरीची आशाही नाही. 1929 मध्ये ह्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भवानराव खेडगीकर आले. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, कामगारपुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काम केलेले, तब्येतीने नाजूक पण निश्चयाने कठोर असे हे गृहस्थ. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 मध्ये सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईस गेले, तेथील योगेश्वरी विद्यालयाची घडी बसविली, आणि 1938 मध्ये खडू खाली ठेवून सत्याग्रहात उतरले. पुढे 1952 च्या पहिल्या लोकसभेत त्यांना निवडून पाठविले ते गुलबर्ग्याच्या मतदारांनी. सीमेच्या दोन्ही बाजूंनी आपला म्हणावा असा हा पुरुष आहे. एका राज्याच्या पाठ्यपुस्तकात त्याला कोंडू नये.

भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू ह्यांची गोष्ट ह्याच जातीची. शाळेच्या दारावर उर्दू पाटी आणि आत कन्नडचे धडे, अशी शाळा त्यांनी चालविली असे त्या भागात आजही आदराने सांगतात. मराठी वाचकाने ही गोष्ट परक्याची समजू नये. त्या काळी ह्या जिल्ह्यांत मराठी आणि कन्नड ह्या दोघी एकाच बाकावर, म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर, बसलेल्या होत्या. त्यांचे भांडण पुढचे.

ह्या शाळा यशस्वी का झाल्या? देशभक्तीमुळे, असे उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. माझ्या मते त्यांच्या यशाची कारणे अधिक साधी होती. मुलाला कळणारी भाषा, मुलाबरोबर राहणारा शिक्षक, आणि कोणत्या वयाला कोणती इयत्ता हवी ह्याविषयी फारसा आग्रह नसणे. निबंधाच्या वहीत शेरे मारून घरी जाणारा मास्तर आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच मुलाच्या अंथरुणाशेजारी झोपणारा मास्तर, ह्यांच्या शिकवण्यात फरक पडणारच.

तरीही गौरवाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. ह्या शाळांत कोण होते? बहुतांशी मुलगे, आणि तेही ज्यांच्या घरी शिक्षणाची काही ओढ होती अशांचे. मुली थोड्या, दलितांची मुले थोडी; आणि अंध वा बहिऱ्या मुलाला शिकवावयाचे असते ही कल्पनाच त्या चळवळीच्या मनात नव्हती. तशी कल्पना देशात नव्हती असे नाही. मुंबईस बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा 1885 मध्येच निघाली होती. दुष्काळात अनाथ झालेल्या अंध मुलांना जवळ करून मिस मिलर्ड ह्या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी 1900 साली मुंबईत जी शाळा काढली ती दादरला पुढे नावारूपास आली. आणि म्हैसूर संस्थानात 1901 मध्ये अंध व बहिऱ्या मुलांची शाळा सुरू झाली होती. पण मुंबई आणि म्हैसूर ह्या दोहोंच्या मध्ये, दोन्हीपासून दूर, औराद आणि आळंद होते. तेथील आंधळे मूल भजनात टाळ धरावयाला शिकले तर त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानण्यात येई.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आले आणि 1956 च्या 1 नोव्हेंबरला ते राज्यच विरले. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्यावरचा वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्यात मी शिरत नाही. मला येथे सांगावयाचे आहे ते एवढेच की ह्या पुनर्रचनेबरोबरच घटनेत 350-अ हे कलम घालण्यात आले, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे त्यात म्हटले गेले. सीमाभागातील मराठी शाळा ह्या कलमाच्या आधाराने उभ्या आहेत. हे कलम लिहिताना डोळस, ऐकू येणारे, धडधाकट मूलच समोर होते, हे सांगावयास नकोच.

धडधाकट नसलेल्या मुलाकडे सरकारने नीट पाहिले ते 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगात. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, खेड्यापाड्याची शाळा आतून जाणणारे. अपंग मुलांचे शिक्षण ही केवळ भूतदयेची बाब नव्हे, आणि शक्य तेथे ही मुले सर्वसामान्य शाळेतच शिकावीत, असे आयोगाने बजावले. पण उद्दिष्ट काय ठेवले? 1986 पर्यंत शंभर अंध, बहिऱ्या वा हातापायाने अधू मुलांपैकी पंधरांना आणि शंभर मंदबुद्धी मुलांपैकी पाचांना शिक्षण मिळावे. वीस वर्षांनंतरचे हे उद्दिष्ट! आज ते वाचताना हसू येत नाही, संकोच वाटतो. कारण आयोगाने निदान आपला हिशेब प्रामाणिकपणे कागदावर मांडला होता. नंतरच्या योजनांनी आकडा सरळ ‘सर्व’ असा लिहिला आणि हिशेब ठेवण्याचे सोडून दिले.

1974 ची एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना, 1986 चे राष्ट्रीय धोरण, 1995 चा अपंग व्यक्तींचा कायदा, 2001 चे सर्व शिक्षा अभियान, अशी ही मालिका पुढे सरकत गेली. शब्दही बदलत गेले. ‘अपंग’ गेला, ‘दिव्यांग’ आला. शब्दाने मान मिळतो हे खरे, पण तालुक्याच्या गावी फिरता विशेष शिक्षक मिळत नाही.

ह्या मालिकेत एक प्रयोग मात्र वेगळा उठून दिसतो, आणि त्याचा आरंभ ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला त्यांत बीदर होते. 1986 च्या धोरणातून निघालेली महिला समाख्या ही योजना कर्नाटकात 1989 मध्ये बीदर, विजापूर आणि म्हैसूर येथे प्रथम आली व नंतर गुलबर्ग्यासही पोहोचली. गावातल्या दलित आणि भूमिहीन स्त्रियांचे संघ बांधावयाचे, त्यांनी स्वतः काय शिकावयाचे ते ठरवावयाचे, आणि शाळा सुटलेल्या वा शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलींसाठी निवासी महिला शिक्षण केंद्रे चालवावयाची, असे तिचे रूप होते. हिप्परग्याच्या शाळेशी तिचे नाते नकळत जुळते. शिक्षिका मुलींबरोबर राहते, वयाची अट सैल, आणि अभ्यास मुलीच्या आयुष्यातून निघालेला. हिप्परग्याला जे जमले नाही, म्हणजे शेवटच्या घरातील मुलगी आत आणणे, ते येथे जमले. 2004 पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये निघाली ती पुष्कळशी ह्याच अनुभवावर. परंतु 2016 मध्ये केंद्राने महिला समाख्येचा हात सोडला. निवासी शाळेची इमारत आणि खाटा पुढच्या योजनेत आल्या. ज्या संघाच्या स्त्रिया दारोदार जाऊन मुलगी मागून आणीत, त्यांची जागा मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात उरली नाही. सुधारणेचे मूल्यमापन करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. इमारत मोजता येते, म्हणून ती टिकते.

त्याच सुमारास कर्नाटकात ‘चिण्णर अंगळ’ नावाचे सेतुवर्ग चालत. चिमुकल्यांचे अंगण, असा त्याचा अर्थ. अंगळ आणि अंगण ह्या शब्दांची जवळीक मराठी कानाला लगेच जाणवते. ह्या दोन जिल्ह्यांतून, विशेषतः लमाण तांड्यांतून, दरवर्षी माणसे ऊसतोडीला आणि मुंबई, पुणे, हैदराबाद येथे बांधकामावर जातात, आणि मुलेही बरोबर जातात. परत येईपर्यंत हजेरीपटावरील नाव राहते, पण मूल मागे पडलेले असते. सेतुवर्ग अशांसाठी होते. महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या त्याही ह्याच गरजेतून.

मग 2009 चा शिक्षणहक्क कायदा आला आणि 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच्या मोठेपणाविषयी वाद नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा हा हक्क झाला. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण, ही तरतूद त्यात आहे. पण ह्याच कायद्याने मान्यतेवाचून शाळा चालविणे दंडनीय ठरविले, आणि हमी योजनेतील वस्तीवरील केंद्रांना नियमित शाळा व्हावे लागले वा बंद पडावे लागले. निजामाच्या परवानगीच्या निर्बंधाशी ह्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे संशय होता, येथे दर्जाची काळजी आहे. पोटापुरते ज्ञान गरिबाला आणि पुरेपूर ज्ञान श्रीमंताला, असा भेद राहू नये हा हेतू आहे. तथापि तांड्यावरच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याला दिसते ते एकच, की जवळचे दार बंद झाले आणि लांबचे उघडे आहे. हेतू चांगला असला म्हणजे अंतर कमी होते असे नाही.

चौकटीबाहेरची शाळा म्हणून बीदरमधील आणखी एका प्रयोगाचा उल्लेख केलाच पाहिजे. 1989 मध्ये थोड्याशा विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या शाहीन ह्या शिक्षणसंस्थेने पुढे, कुराण मुखोद्गत केलेल्या पण गणित-विज्ञानाला कधी हात न लावलेल्या मुलांसाठी खास वर्ग काढले आणि त्यांना नियमित परीक्षांपर्यंत नेले. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षणहक्काच्या कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या. कायद्याने जी मुले बाहेर ठेवली त्यांच्यासाठी पूल बांधण्याचे काम अशा रीतीने एका खाजगी संस्थेला करावे लागले.

2012 च्या त्याच दुरुस्तीने अपंग मुलाचा कायद्यात स्पष्ट समावेश केला आणि तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि अठरा वर्षांपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले. आता आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत साक्षरता कर्नाटकात शेकडा 75 च्या वर, बीदरमध्ये सुमारे 70 आणि गुलबर्ग्यात सुमारे 65 होती. साऱ्या देशात पाच ते एकोणीस वयाच्या अपंग मुलांपैकी शेकडा सुमारे 27 मुलांनी शाळा कधीच पाहिली नव्हती. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्येच गुलबर्गा विभाग हा राज्यातील सर्वांत मागास असल्याचे दाखवून दिले होते, आणि 2012 च्या घटनादुरुस्तीने 371-जे कलमाखाली ह्या भागाला खास मंडळ व खास निधी मिळाला. त्यातून खोल्या झाल्या, कुंपणे झाली, उतरते रस्तेही झाले. चाकाची खुर्ची आता शाळेच्या दारापर्यंत जाते. आत गेल्यावर तिच्यातील मुलाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हा प्रश्न कंत्राटदाराचा नसतो.

तो प्रश्न सीमाभागात किती बिकट आहे, ते पाहा. औराद तालुक्यातील मराठी घरात जन्मलेले बहिरे मूल घ्या. ओठ वाचावयास ते आईच्या तोंडावर शिकते, ती मराठी बोलते. राज्य सरकारच्या बहिऱ्या मुलांच्या ज्या मोजक्या शाळा आहेत त्यांपैकी एक कलबुर्गीत आहे. तेथील व्यवहार कन्नडमध्ये चालतो. ऐकू येणारे मूल दोन भाषा कानांनी शोषून घेते; ह्या मुलाला दोन भाषांची तोंडे वेगवेगळी वाचावी लागतात. भारतीय खुणांच्या भाषेने ही अडचण पुष्कळ दूर होईल, कारण खुणेला मराठी-कन्नड असा भेद नाही. पण त्या भाषेचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत निघाले तेच 2015 मध्ये. आईबापांना ती कोण शिकविणार? म्हणून जमेल ते आईबाप मुलाला सोलापूर वा लातूरकडच्या निवासी शाळेत ठेवतात, आणि मग अपंगत्वाचा दाखला एका राज्याचा व सवलत दुसऱ्या राज्याची, अशी ओढाताण सुरू होते.

मंदबुद्धी मुलाची स्थिती ह्याहून कठीण. त्याचे पहिले पन्नास-शंभर शब्द हीच त्याची पुंजी, आणि ती घरच्या बोलीत असते. ‘पाणी’ म्हणावयास वर्षभर लागलेल्या मुलाला ‘नीरु’ म्हणावयास लावणे म्हणजे त्याचे वर्ष काढून घेणे होय. 2016 च्या कायद्याच्या सतराव्या कलमात ह्यावर एक तोड आहे. अपंग विद्यार्थ्याला दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, असे ते सांगते. वाचावयास हे फार चांगले. पण गावात कन्नड शाळाच तेवढी असेल आणि मराठी घरचे मूल तिच्यात बसलेले असेल, तर कागदावर त्याची प्रथम भाषा कन्नड ठरते. सूट दिली की इतर भाषा जातात आणि उरते तीच, जी त्याला सर्वांत कमी येते. दिल्लीत कलम लिहिणाऱ्याच्या ध्यानात सीमाभाग नव्हता, एवढाच ह्याचा अर्थ. पण प्रथम भाषा कोणती हे ठरविताना अशा मुलाच्या घरची भाषा विचारावी, असा आदेश राज्य सरकारला काढता येईल. त्यासाठी संसदेपर्यंत जाण्याचे कारण नाही.

अंध मुलाच्या बाबतीत चित्र अनपेक्षितपणे उजळ आहे. 1951 साली भारतीय भाषांसाठी एक समान ब्रेल लिपी ठरली. तिच्यात ‘क’ ह्या ध्वनीचे ठिपके मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहेत. म्हणजे सीमेवरच्या डोळस मुलाला दोन लिप्या गिरवाव्या लागतात, अंध मुलाला एकच. साठ-सत्तर वर्षांच्या सीमावादात दोन्ही बाजूंना जे साधले नाही ते ह्या सहा ठिपक्यांनी साधलेले आहे. कलबुर्गीत सरकारी अंधशाळाही आहे. तिच्यातील मराठी घरच्या मुलाला कन्नड शिकता शिकता मराठी वाचता येईल, फक्त मराठीची ब्रेल पुस्तके तेथवर पोहोचली पाहिजेत.

आता शिक्षकांचा प्रश्न. 2021 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. 2025 च्या मार्चमध्ये न्यायालयाने राज्यांना ह्या जागांची संख्या जाहीर करावयास पुन्हा सांगितले. कर्नाटकात ह्या जागा भरल्या जातील तेव्हा जाहिरातीत पदवी, नोंदणी आणि आरक्षण ह्यांचे रकाने असतीलच. बीदर आणि कलबुर्गीच्या जागांपुढे आणखी एक रकाना हवा. उमेदवाराला कन्नडखेरीज मराठी, उर्दू, लमाणी ह्यांपैकी कोणती बोली येते ते त्यात लिहिलेले असावे, आणि औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद ह्या तालुक्यांत नेमणूक करताना तो रकाना कोणीतरी वाचावा.